एक चव, शंभर दुकानं

वडापाववरून तुमच्या वर्गात कधी भांडण झालंय का? आमच्या वर्गात झालं!

दिवाळीच्या सुटीनंतरचा पहिला दिवस होता. मी पाचवीच्या वर्गाला विचारलं, "सुटीत कोण कुठं गेलं होतं?" एकाने जोरात हात वर केला. तो मामाकडे कल्याणला जाऊन आला होता. म्हणाला, "सर, तिकडे एकाच नावाची खूप दुकानं आहेत. कल्याणला वडापाव खाल्ला, मग ठाण्याला खाल्ला, मग दादरला. तीच पाटी, तोच कागद, चवही अगदी तीच! आपल्या मालेगावात काय? प्रत्येक गाडीवर वेगळी चव!"

मागच्या बाकावरचा एक मुलगा एकदम उठून उभा राहिला. त्याच्या वडिलांची वडापावची गाडी आहे. गाडीला नाव नाही, पाटी नाही. तो रागाने लालबुंद झाला होता. "मना बापना वडा भारी शे!" तो ओरडला. वर्ग हसला आणि त्याचे डोळे भरून आले.

मी सगळ्यांना शांत केलं. मग एक प्रश्न फळ्यावर लिहिला : 'एकाच चवीचा वडा शंभर दुकानांत कसा बनत असेल?'

कुणालाच उत्तर येईना. खरं सांगू? मलाही पटकन देता आलं नसतं. मग आम्ही ते शोधायचं ठरवलं. तुम्हीही चला आमच्याबरोबर.

सरबताचे तीन दिवस

पहिल्या दिवशी वर्गाचे चार गट केले. प्रत्येक गटाला एक लिटर पाणी, तीन लिंबं, साखर आणि मीठ दिलं. "चवीप्रमाणे घाला आणि सरबत करा," एवढंच सांगितलं. झाली की गंमत! एका गटाचं सरबत पाकासारखं गोड, दुसऱ्याचं खारट, तिसऱ्याचं आंबट. चौथ्या गटाने अर्धी साखर आधीच खाऊन टाकली होती. चार गट, चार चवी.

दुसऱ्या दिवशी माप ठरवलं. एक लिटर पाणी, आठ मोठे चमचे साखर, अर्धा लहान चमचा मीठ, तीन लिंबं. सगळ्यांनी चमचे काठोकाठ सारखे करून मोजले. आता चव एक यायला हवी होती ना? पण तिसऱ्या गटाचं सरबत फिकंच लागलं! असं का व्हावं? एका मुलीने पिळलेल्या लिंबांच्या साली उचलून पाहिल्या. "सर, यांची लिंबं जाड सालीची आहेत. रसच निघाला नाही." अगदी बरोबर. चमचे सारखे असून चालत नाही, मालही सारखा लागतो.

तिसऱ्या दिवशी तीच मुलगी म्हणाली, "सर, बाराही लिंबांचा रस एकाच भांड्यात काढू आणि मग चौघांना मोजून वाटू." तसं केलं. चारही गटांचं सरबत एका चवीचं झालं. डोळे मिटून प्यायलो तरी कुणाचं कोणतं ते ओळखू येईना.

मित्रांनो, मोठमोठ्या उपाहारगृहांच्या साखळ्या याच तीन गोष्टींवर चालतात. ठरलेलं माप, सारखा माल आणि सगळ्यांसाठी एका ठिकाणी केलेली तयारी. आमच्या पाचवीने ते तीन दिवसांत शोधलं. जगाला बरीच वर्षं लागली!

दहा वर्षांत पाच मालेगावं

आता मुंबईला जाऊ. एवढी दुकानं तिथेच का निघाली?

जिथे माणसं भराभर वाढतात, तिथे भूकही वाढते. १९९१च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ९९ लाख माणसं होती. २००१ साली ती १ कोटी १९ लाखांवर गेली. म्हणजे दहा वर्षांत वीस लाख माणसं वाढली. त्या वेळी आपलं मालेगाव सुमारे चार लाखांचं होतं. करा बरं भागाकार! दहा वर्षांत मुंबईत पाच मालेगावं भरली. शेजारच्या नवी मुंबईची वस्ती तर त्याच दहा वर्षांत दुपटीहून जास्त झाली. ठाणे, कल्याण, डोंबिवली, वसई सगळीकडे नव्या इमारती उठल्या. तिथली माणसं सकाळी अंधारात लोकल पकडणार आणि रात्री परतणार. मग मधल्या वेळी खाणार काय आणि कुठे?

हा प्रश्न मुंबईला नवा नव्हता. प्रत्येक काळात मुंबईने त्याचं वेगळं उत्तर शोधलं. गेल्या शतकात कापडगिरण्यांत काम करायला कोकणातून, घाटावरून माणसं आली. घर गावाकडे आणि माणूस एकटा. त्यांच्यासाठी गिरणगावातल्या बायकांनी घरोघरी खानावळी चालवल्या. या कष्टाळू बायकांना एकत्र आणण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं.

इराणहून आलेल्या लोकांनी रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चहा आणि ब्रुन-मस्क्याची हॉटेलं काढली. धोबीतलावचं कयानी १९०४ सालचं आहे. त्या काळी मुंबईत इराणी हॉटेलं शेकड्यांनी होती. आज हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी उरली आहेत.

मग आले उडुपी. कर्नाटकातल्या उडुपीच्या आसपासच्या गावांतून मुलं मुंबईत यायची आणि हॉटेलात कपबश्या विसळायची. कुणी स्वयंपाकी होई, कुणी गल्ल्यावर बसे. चार पैसे साठले की नात्यातल्या, गावातल्या माणसांच्या मदतीने स्वतःचं हॉटेल काढी. मग तो गावाहून पुढची मुलं आणी. दिवसा राबणाऱ्या या मुलांसाठी मुंबईत कानडी रात्रशाळाही चालत. ए. रामा नायक यांनी १९४२ साली माटुंग्याला श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केलं. केळीच्या पानावरच्या जेवणासाठी ते आजही प्रसिद्ध आहे.

उडुप्यांचीही ती एक साखळीच होती. फक्त ती एका मालकाची नव्हती. ती एका मुलखातल्या माणसांची साखळी होती. इडलीचं माप वहीत नव्हतं, ते एका आचाऱ्याच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात होतं.

आणि आपला वडापाव? तो दादर स्टेशनबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी सुरू केला, असं सांगितलं जातं. पाव पोर्तुगिजांबरोबर आलेला, बटाटाही परदेशातून आलेला, पण दोघांची जोडी जमली ती मुंबईत. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पुढे कितीतरी गिरण्या बंदच पडल्या. काम गेलेल्या अनेकांनी वडापावच्या गाड्या टाकल्या. एक कढई, एक स्टोव्ह, एक फळी, एवढ्यावर संसार उभा राहिला. वडापाव खाताना ही गोष्ट आठवा बरं का!

टेनिसच्या मैदानावरचं स्वयंपाकघर

आता जरा सातासमुद्रापलीकडे जाऊ. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावात मॅकडोनाल्ड नावाचे दोन भाऊ होते. त्यांचं हॉटेल चांगलं चालत होतं. तरीही १९४८ साली त्यांनी ते काही महिने बंद ठेवलं. लोकांना वाटलं, यांना वेड लागलं! पण भाऊ विचार करत होते. पदार्थांची यादी लांबलचक असली की वेळ जातो आणि चुका होतात. म्हणून त्यांनी फक्त नऊ पदार्थ ठेवले.

मग त्यांनी काय केलं माहीत आहे? एका टेनिसच्या मैदानावर खडूने स्वयंपाकघराचा नकाशा काढला. खरं स्वयंपाकघर जेवढं मोठं, तेवढाच नकाशा. शेगडी इथे, पाव तिथे. कामगारांना त्यात उभं केलं आणि खोटं खोटं काम करायला लावलं. अगदी आपण भातुकली खेळतो तसं! कोण कुणाला धडकतो, कुणाला उगाच दोन पावलं जास्त चालावी लागतात, ते पाहिलं. खडू पुसला, पुन्हा काढला. नकाशा मनासारखा झाला तेव्हाच खरं स्वयंपाकघर बांधलं. पुढे १९५५ पासून रे क्रॉक नावाच्या गृहस्थाने ही पद्धत गावोगाव नेली.

भारतात १९९१ साली परदेशी कंपन्यांसाठी दारं मोठ्या प्रमाणावर उघडली. ऑक्टोबर १९९६ मध्ये मॅकडोनाल्डची पहिली दुकानं दिल्लीत वसंत विहारला आणि मुंबईत वांद्र्याला सुरू झाली. आपल्या देशात कुणी गोमांस खात नाही, कुणी डुकराचं मांस खात नाही. म्हणून इथे ती दोन्ही ठेवली नाहीत. शाकाहारी पदार्थांची जागा आणि भांडी वेगळी ठेवली. खास आपल्यासाठी बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर आला. म्हणजे बाहेरून आलेल्यालाही आपल्या ताटाप्रमाणे बदलावं लागलं.

आता आमच्या सरबताचा दुसरा दिवस आठवा. सारखा माल कुठून आणायचा? त्याची तयारी दुकान उघडण्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. चीज आलं बारामतीच्या कारखान्यातून. बर्गरमधला लेट्यूसचा पाला पिकला पुण्याजवळच्या तळेगावला. टिक्क्या बनल्या नवी मुंबईजवळच्या तळोज्याला. तयार टिक्क्या शून्याखाली १८ अंशांवर गोठवून ठेवायच्या, थंड गाडीतूनच दुकानात पोचवायच्या. वाटेत कुठेही गारवा तुटता कामा नये. याला शीतसाखळी म्हणतात. दुकानात मग फार काही उरत नाही. ठरलेल्या तापमानाच्या तेलात ठरलेला वेळ तळायचं. घंटा वाजली की काढायचं!

सारखा माल म्हणजे काय, हे आपल्या कसमादेतल्या, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा भागातल्या मुलांना वेगळं सांगायला नको. घरी कांदा निवडताना मोठा, मध्यम, गोल्टी असे ढीग लावता ना? तेच हे.

वडाही साखळीत आला

मग काहींच्या मनात आलं, बर्गरचं जमतं तर वडापावचं का जमू नये? २००१ साली मालाड स्टेशनाबाहेर जम्बोकिंगचं दुकान सुरू झालं. २००४ साली कल्याणला गोली वडापाव सुरू झाला. गोलीने वडे कारखान्यात यंत्रावर करून गोठवायची पद्धत धरली. दुकानात फक्त तळायचे. आमचा सरबताचा तिसरा दिवस तो हाच!

यातली पुष्कळ दुकानं फ्रँचायझी पद्धतीने चालतात. म्हणजे दुकान असतं एखाद्या स्थानिक माणसाचं, पण नाव, माल आणि पद्धत कंपनीची. त्या बदल्यात तो कंपनीला ठरलेले पैसे देतो. त्याला नाव आयतं मिळतं, पण "आज मिरची जरा जास्त घालू," असं म्हणायची मोकळीक राहत नाही.

याचे फायदे आहेत. जागा स्वच्छ असते, दर लिहिलेले असतात, अनोळखी गावातही चव ओळखीची मिळते. मुलामुलींना ठरलेल्या वेळेचं काम मिळतं. तोटेही आहेत. दर जास्त असतो. सगळीकडे एकच चव आली, तर गावोगावच्या चवी हळूहळू विसरल्या जातात. आणि बिलातला काही भाग गाव सोडून जातो.

हाताचं माप

एवढं सगळं शिकल्यावर आम्ही त्या मुलाच्या वडिलांना वर्गात बोलावलं. ते आधी तयारच होईनात. "सर, मी काय शिकवणार? मी सातवीत शाळा सोडली." पण आले. स्वच्छ पांढरा शर्ट घालून आले.

कल्याणला जाऊन आलेल्या मुलानेच पहिला प्रश्न विचारला, "काका, तुमचा कालचा वडा आणि आजचा वडा एकसारखा कसा लागतो? तुम्ही तर काहीच मोजत नाही."

काका हसले. "मोजतो की! हाताने मोजतो. मीठ मुठीत घेतलं की कळतं. आणि रोज सारखं घालून कसं चालेल? पावसाळ्यात बटाटा ओला येतो, मग सारण सैल होतं. नवीन बटाटा गोडसर लागतो, मग मिरची वाढवावी लागते. ते हाताला कळतं."

मी मुलांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी जाड सालीच्या लिंबांनी आमची फजिती केली होती. काकांचा हात ती फजिती होऊ देत नाही. माप लिहिलेलं असलं की ते शंभर दुकानांत जातं, पण बटाटा बदलला की ते अडतं. हाताला बदललेला बटाटा कळतो, पण तो हात एकाच गाडीवर असतो.

मग एका मुलीने विचारलं, "काका, तुम्ही आजारी पडलात तर?"

काका थोडा वेळ गप्प झाले. म्हणाले, "तर गाडी बंद. मागल्या वर्षी टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर बंद होती. त्याच महिन्यात थोड्या अंतरावर एक पाटीवालं दुकान उघडलं. मी परत आलो तेव्हा निम्मं गिऱ्हाईक तिकडे गेलेलं. काही परत आलं, काही नाही आलं."

वर्गात कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरचा मुलगा मात्र वडिलांकडे टक लावून बघत होता. घरात ही गोष्ट त्याला कुणी अशी सांगितली नसावी.

पालकांसाठी दोन शब्द

पालकांनो, मूल पाटीवाल्या दुकानाचा हट्ट धरतं तेव्हा नुसतं रागावू नका. कधीतरी जरूर न्या. पण जाताना त्याच्या हातात कागद-पेन्सिल द्या. एका माणसाचं बिल किती झालं? तेवढ्यात गाडीवर किंवा घरी किती जणांचं झालं असतं? तळलेलं आणि गोड पेय यांचं पोटाला काय होतं, हेही बोला. तळलेला पदार्थ पाटीखाली तळला काय किंवा गाडीवर तळला काय, तो रोज खायचा नाही.

गाडीवर खातानाही डोळे उघडे ठेवा. तेल काळं पडलंय का? चटणी झाकलेली आहे का? पाणी कुठलं? अन्नसुरक्षेचा कायदा २००६ सालचा आहे आणि ५ ऑगस्ट २०११ पासून तो लागू झाला. गाडीवाल्यालाही त्याखाली नोंदणी करावी लागते. आणि एक गोष्ट आवर्जून बघा. टेबल पुसणारा मुलगा तुमच्या मुलाच्या वयाचा तर नाही ना? हॉटेलांत आणि ढाब्यांवर चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. त्या मुलाची जागा आमच्या वर्गात आहे.

एक वही

काका येऊन गेल्यावर आठवडाभराने मागच्या बाकावरचा मुलगा माझ्याकडे एक वही घेऊन आला. शंभर पानी, साधी. त्याने घरी वजनकाटा मांडला होता. वडील सारणात काही टाकायला गेले की हा म्हणे, "थांबा बाबा, आधी इथे ठेवा!" वडील मूठ काट्यावर रिकामी करत, हा आकडा लिहून घेई, मग ते सारणात जाई. त्याची आई हसून बेजार झाली.

वहीत लिहिलं होतं : बटाटे ५ किलो. मीठ, बाबांची मूठ, ७० ग्रॅम. हिरवी मिरची १५० ग्रॅम. लसूण १०० ग्रॅम. पुढे हळद, मोहरी, आलं, कोथिंबीर, सगळं ओळीने. तीन दिवस मोजलं, तिन्ही दिवस मिठाचा आकडा जवळजवळ तोच आला. "सर, बाबांचा हात म्हणजे काटाच आहे!" तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका फुलला होता की काय सांगू!

पान उलटून पाहिलं. तळाशी लाल शाईत एक ओळ होती :

'बटाटा ओला असेल तर बाबांना विचारणे.'

मी त्याखाली सही केली आणि वही वर्गात सगळ्यांना दाखवली. सर्वांत आधी हात पुढे केला तो कल्याणला जाऊन आलेल्या मुलाने. दोघं मधल्या सुटीत एकाच बाकावर बसून ती वाचत होते.

करून पाहा

तुमच्या घरातला आवडता पदार्थ निवडा. आजीची आमटी असेल, अम्मीचा पुलाव असेल, आईचं थालीपीठ असेल. ती 'अंदाजाने' जे घालते ते घालण्याआधी चमच्याने किंवा काट्यावर मोजा आणि लिहून ठेवा. तीन दिवस मोजा. मग त्या मापाने मोठ्या माणसाला जवळ बसवून स्वतः करून पाहा. चव तीच आली का? नाही आली, तर काय लिहायचं राहिलं ते तिलाच विचारा. ते उत्तर लाल शाईने लिहा.